निरोपाचा डावा हात

कायेस गावात स्टेशनाकडून गुरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कडुनिंबाच्या झाडाखाली बांजुगू कांतेचा फोटो स्टुडिओ होता. त्याला लागून माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मध्ये एकच मातीची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे त्याच्याकडे कोण आलं, कोणाला कोट घट्ट झाला, कोणी हसताना दात झाकले, हे सगळं मला जागेवर बसून कळायचं. तो मला कधी नावाने हाक मारायचा नाही. “ए रेडिओ” म्हणायचा. माझ्याकडून त्याने एका मोठ्या रेडिओचं रिकामं खोकं नेलं होतं. आत एकही तार नव्हती, पण अर्ध्या कायेसने त्या खोक्यावर कोपर टेकून फोटो काढून घेतला.

बांजुगू लोहाराच्या घरचा. बाप, आजा, चुलते, सगळे भात्यापाशी बसलेले. तोही तिथेच बसला असता, पण फ्रेंचांच्या पलटणीत त्याची भरती झाली, आणि तिथे एका साहेबाचा कॅमेरा वाहता वाहता तो फोटो धुवायला शिकला. घरी परतला तो एक जुना लाकडी कॅमेरा खांद्यावर घेऊन. बाप म्हणाला, “लोखंड सोडून आता कागद ठोकणार का रे?”

“बाबा, तुमच्याकडे आग आणि पाणी, माझ्याकडे उजेड आणि पाणी,” बांजुगू म्हणाला. “फरक एवढाच की तुमची कुदळ हसत नाही. माझी हसते.”

कायेसचा उन्हाळा फोटोवाल्याचा वैरी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. पाणी कोमट झालं की तो मऊ पडतो आणि दुधावरच्या सायीसारखा सरकतो. नवरीचा चेहरा खांद्यावर येतो. म्हणून बांजुगू पहाटेच्या नमाजाच्याही आधी उठायचा आणि रात्रभर मातीच्या रांजणात गार झालेल्या पाण्यात फोटो धुवायचा. मी दुकान उघडायला यायचो तेव्हा अंगणात दोरीवर माणसं वाळत असायची.

त्याच्या स्टुडिओत दाराशीच एक पुरुषभर उंचीचा आरसा होता, खालचा कोपरा फुटलेला. फोटोला आलेलं माणूस आधी त्या आरशासमोर उभं राहायचं. डोक्याचं फडकं नीट कर, माळ सरळ कर, मान अशी कर, तशी कर. मग फोटो हातात आला की तेच माणूस तक्रार करायचं, “हा मी नव्हे.”

पहिल्यांदा बांजुगूला वाटलं, लोकांना सवय नाही. मग एकदा एका शिंप्याची बायको आपला फोटो घेऊन परत आली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माझा तीळ या गालावर आहे. तू त्या गालावर नेलास. चोर कुठला!” बांजुगू आरशाकडे बघत राहिला, फोटोकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. माणसाला स्वतःचा चेहरा ठाऊक असतो तो आरशातला, म्हणजे उलटा. जगाला दिसतो तो चेहरा त्याने जन्मात पाहिलेला नसतो. दुसऱ्या दिवशी त्याने तीच निगेटिव्ह पालथी घालून फोटो छापला. शिंप्याची बायको म्हणाली, “हां! आता कशी मी आले!”

तेव्हापासून त्याची ती रीतच झाली. जो आरशासमोर जास्त वेळ घालवेल, त्याचा फोटो पालथा छापायचा. मला त्याने एका चहाच्या वेळी हे गुपित सांगितलं. मी विचारलं, “आणि शर्टावर अक्षरं असली तर?”

“अक्षरं असली की सरळच छापतो. एवढा मूर्ख नाही मी,” तो म्हणाला. “पण नुसतं माणूस असेल तर त्याला त्याचा ओळखीचा चेहरा द्यायला काय हरकत आहे? फसवणूक थोडीच आहे?”

मलाही त्यात फसवणूक दिसली नाही. उलट त्याच्या युक्तीचं कौतुकच वाटलं. अक्षरांकडे त्याचं लक्ष असायचं. हातांकडे नव्हतं.

पेंदा सांगारे दूध विकायची. फुलानी गवळ्यांच्या घरची बाई, विधवा, उंच, ताठ. डोक्यावर दुधाचा तुंबा घेऊन ती रोज सकाळी आमच्या रस्त्याने जायची, आणि बांजुगूच्या दारात तिचा तुंबा खाली उतरायच्या आधी तिचं तोंड सुरू व्हायचं.

“ए गुलामा! ऊठ. मालकीण आली.”

“मालकीण? मला शेणाचा वास आला. वाटलं, गाय सुटून आली.”

“गाय आली असती तर बरं झालं असतं. तुझ्या बायकोने आज पण कोळसाच शिजवलाय ना?”

“कोळसा खातो म्हणून दात शाबूत आहेत. तुम्ही ताकपिते, वारा आला की झाडाला धरून उभे राहता.”

लोहार आणि फुलानी यांचं हे नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, मयताच्या घरीसुद्धा सोडायचं नाही, आणि कोणी रागवायचं नाही. या थट्टेच्या पोटात एक शपथ आहे: या दोघांनी एकमेकांचं वाईट करायचं नाही. केलं तर ते करणाऱ्यावर उलटतं. पेंदा बांजुगूपेक्षा मोठी, पण अरे-तुरे दोन्हीकडून. ज्या दिवशी ती शिव्या न देता गेली, त्या दिवशी बांजुगू बायकोला विचारायचा, “पेंदाचं काही दुखतंखुपतं का?”

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तिचा एकुलता एक मुलगा योरो परदेशी निघाला. कायेसची तरणी पोरं तेव्हा रेल्वेने डाकारला जायची, तिथून जहाजावर बॉयलरपाशी काम धरून फ्रान्सला. काही परत यायची. काहींचे नुसते पैसे यायचे, आणि काहींचं काहीच यायचं नाही. पेंदाचा थोरला भाऊ असाच गेला होता आणि त्याचं काहीच आलं नव्हतं.

गाडीच्या दोन दिवस आधी ती योरोला घेऊन स्टुडिओत आली. योरो आरशासमोर उभा राहिला तो हलेना.

“काका, भुवईवरचा हा वण नीट आला पाहिजे,” तो म्हणाला. “पोरींना आवडतो.”

“वण कशाचा ते पण सांग ना पोरींना,” पेंदा म्हणाली. “बोकडाने उचलून आपटलं होतं याला.”

“फुलानी असून बोकडाकडून मार खाल्ला?” बांजुगू काळ्या कापडाखालून म्हणाला. “रेडिओ, ऐकलंस का?”

मी भिंतीपलीकडून हसलो. मग मी उठून दारातून डोकावलो. पेंदा पट्ट्यापट्ट्यांच्या घोंगडीच्या पडद्यासमोर उभी होती आणि तिने योरोपुढे हात केला होता. डावा.

डावा हात आमच्यात कोणी कोणाला देत नाही. डाव्या हाताने दिलं तर पाणीसुद्धा घेत नाहीत. पण लांब जाणाऱ्याला, ज्याने परत यावं असं मनापासून वाटतं त्याला, निरोप देताना मुद्दाम डावाच हात देतात. एक चूक करून ठेवायची. ती चूक उजव्या हाताने पुसायला त्या माणसाला परत यावंच लागतं. तशी गाठच पडते.

योरोने आईचा डावा हात आपल्या डाव्या हातात घेतला. त्याचं हसू गेलं होतं.

“हलू नका,” बांजुगू हळू आवाजात म्हणाला.

फोटो निघाला. पेंदाने हात सोडला, खांद्यावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, “मी स्टेशनवर येणार नाही. निरोप एकदाच द्यायचा असतो.” ती मागे न बघता बाजाराकडे चालू लागली.

योरोने गाडीच्या दिवशी सकाळी धावत येऊन फोटोचं पाकीट नेलं. उघडून बघायलाही त्याला वेळ नव्हता.

पेंदा आपला फोटो न्यायला आली ती बाजाराच्या दिवशी. “दाखव गुलामा, काय डाग पाडलेत ते.” तिने फोटो हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. “बघ! पहिल्यांदाच माणसासारखी दिसतेय. हे माझं नाक. आणि हा माझा योरो, अगदी आरशातून उतरल्यासारखा.”

“लोहाराचा हात आहे,” बांजुगू म्हणाला.

त्यावर शिवी यायला हवी होती. मग पेंदाचा आवाज आला, आणि तो मी याआधी कधी ऐकला नव्हता.

“कांतेसाहेब, तुम्ही हे काय केलंत?”

कांतेसाहेब. तुम्ही. माझ्या हातातला तारांना डाख द्यायचा तापलेला खिळा थांबला. मी उठून गेलो.

बांजुगूने फोटो तिच्या हातातून घेतला. फोटोत आई आणि मुलगा उजव्या हाताने हात मिळवत होते. रस्त्यात भेटलेली दोन माणसं मिळवतात तसा. काही बाकी न ठेवता.

“पेंदा, ऐक. कागद उलटा पडला, हात नाही उलटा पडला. तू डावाच दिलास. मी पाहिलंय, या रेडिओने पाहिलंय.”

“हात तर तेव्हाच सुटला,” पेंदा म्हणाली. “आता त्याच्याजवळ कागद आहे. तो रोज काय बघणार, हात की कागद? रोज त्याची आई त्याला उजवा हात देणार. जा बाळा, माझं तुझ्याकडे काही राहिलं नाही.”

“मी उद्या सरळ छापून देतो.”

“मला काय करायचाय सरळ? मी इथेच आहे. गेलाय तो.” तिने तुंबा डोक्यावर चढवला. “तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला माहीत आहे. पण लोहाराच्या हातून फुलानीचं वाईट झालं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बांजुगूने दोन फोटो सरळ छापले. एक पेंदाच्या घरी पोचवला. दुसरा खिशात घालून माझ्या दुकानात आला. त्याच्या अंगात ठेवणीतला पांढरा झगा होता. पलटणीतून आल्यापासून तो गावाबाहेर गेला नव्हता.

“रेडिओ, तुला डाकारहून व्हॉल्व्ह आणायचे होते ना?”

“पावसाळ्यानंतर.”

“आजच्या गाडीने चल.”

डब्यात कोंबड्या होत्या, शेंगदाण्याची पोती होती, एक बाई प्रत्येक स्टेशनवर आंबे विकत घेत होती. बांजुगू सगळ्यांच्या हातांकडे बघत होता. “बघ,” मला मध्येच म्हणाला, “इतकी वर्षं फोटो काढतोय. सगळी तोंडं पाठ आहेत. हात एक आठवत नाही.”

डाकारमध्ये कायेसच्या पोरांची एक ठरलेली जागा होती. वाली सुमारे नावाच्या म्हाताऱ्याचं घर, एका खोलीत आठ-दहा चटया, अंगणात एकच नळ. आम्ही पोचलो तेव्हा पोरं भाताच्या परातीभोवती बसायच्या तयारीत होती.

“योरो? पेंदाचा?” वालीबाबा म्हणाले. “त्याचं नशीब जोरात. आल्या आल्या जहाज मिळालं. काल सुटलं. बसा, आधी जेवा.”

बांजुगू जेवला नाही. अंगणात भिंतीला टेकून बसला आणि फोटो गुडघ्यावर ठेवला. तिथेच नळाजवळ एक मिशीवाला खलाशी भिंतीवर आरसा टांगून दाढी करत होता.

“काय काका, कोणाचा फोटो?” त्याने विचारलं. “बायको पळाली का?”

“पळाली असती तर बरं होतं,” मी म्हणालो, आणि सगळी हकीकत सांगितली. खलाशाने साबणाचा हात पुसला, फोटो घेतला आणि उजेडात बघायला म्हणून आरशाजवळ धरला. बांजुगूने वर पाहिलं आणि ओरडला, “परत उजवा!”

“काय परत उजवा?”

“मी परत पालथाच छापला! आरशात बघ, उजवे हात आहेत!”

खलाशाने फोटोकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. “काका, फोटोत डावेच आहेत. आरसा आहे हा. आरसा उलटंच दाखवतो. उन्हाने डोकं फिरलं काय तुमचं?”

बांजुगू उभा राहिला. एकदा फोटो, एकदा आरसा, असं त्याने दोन-तीनदा केलं. मग खाली बसला आणि इतका हसला की वालीबाबा परात सोडून बाहेर आले.

“सरळ फोटो आरशात उलटा दिसतो,” तो मला म्हणाला. “मग उलटा फोटो?”

“सरळ दिसणार,” मी म्हणालो. साधी गोष्ट होती. पण दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

सरळ फोटो त्याने त्या मिशीवाल्या खलाशाकडेच दिला. त्याचं जहाज आठवड्याने फ्रान्सच्या मार्सेल बंदराला जाणार होतं. पण फोटो हरवू शकतो, भिजू शकतो. म्हणून त्याने परातीभोवतीच्या प्रत्येक पोराला एक निरोप पाठ करायला लावला. शाळेत पाढे घोकतात तसा, योरोच्या बापाच्या आडनावासकट. “योरो दियाकिते भेटला की सांगायचं, आईचा फोटो आरशात बघ.”

“एवढंच?” एकाने विचारलं.

“एवढंच. काही वाढवू नका. तुम्ही कायेसवाले वाढवता.”

कायेसला परतल्यावर तो सरळ पेंदाच्या घरी गेला. मीही होतो. पेंदाने त्याला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही एवढ्या लांब गेलात,” ती म्हणाली. “देव तुमचं भलं करो.” बांजुगू तिथून निघाला तो मारल्यासारखा. दुवा ऐकायला तो गेला नव्हता. त्याला एखादी शिवी हवी होती.

ती शिवी पुढे काही वर्षं आली नाही. पेंदा रोज यायची, दूध घालायची, “सकाळ बरी गेली का कांतेसाहेब?” विचारायची आणि जायची. तिचं मन वाईट नव्हतं. तिला थट्टा सुचतच नव्हती, आणि थट्टेशिवाय ती त्याला परकी झाली होती. बांजुगूने दोनदा स्वतःहून सुरुवात केली, “आज शेणाचा वास कमी आहे”, पण ती दूध मोजून पुढे गेली.

त्याने पालथं छापणं कायमचं सोडलं. लोक कुरकुरायला लागले, “पूर्वी नाक सरळ यायचं.” काही गिऱ्हाइकं नदीपलीकडच्या नव्या स्टुडिओत गेली. तो मात्र कापडाखाली जायच्या आधी प्रत्येकाचे हात नीट करायचा. “हात आधी,” म्हणायचा, “तोंड नंतर. तोंडाचं काय, ते कुठेही जातं.”

योरोचे पैसे कधीमधी आले, कोणाच्या तरी हातून. मग देश स्वतंत्र झाला, डाकार वेगळ्या देशात गेलं, आणि त्याच पावसाळ्यात तिकडची सरहद्द बंद झाली, गाड्या थांबल्या. पैसेही थांबले. स्टेशनात रुळांवर बकऱ्या बसायच्या. पेंदाची ताठ मान थोडी पुढे आली.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्याच्या पुढच्या थंडीत एकदा सकाळी रस्त्यावरून पेंदा येताना दिसली. डोक्यावर तुंबा नव्हता. तिच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून, एक रुंद खांद्यांचा माणूस पेटी घेऊन चालत होता. भुवईवर वण.

बांजुगू दारात उभाच राहिला.

“काका,” योरो म्हणाला, “आई मला हात लावू देत नाहीये. स्टेशनवर नाही, घरी नाही. म्हणते, जिथे डावा दिला तिथेच.”

“मग? रस्त्यात देऊ?” पेंदा म्हणाली.

योरोने खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. कडा वाकड्या झालेल्या, चेहऱ्यांवर पांढरे ठिपके. बांजुगूने त्यावरून अंगठा फिरवला. “हे काय सांडलं?”

“साबण.”

“आणि त्या मिशीवाल्याने दिलेला फोटो?”

“कुठला मिशीवाला? मला कोणी फोटो नाही दिला. निरोप मात्र चौघांनी दिला.” योरो आईकडे बघत नव्हता, फोटोकडे बघत होता. “जहाजावर पाकीट उघडलं तेव्हा उजवे हात दिसले. वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय. मग वाटलं, बरं झालं, आईने मोकळं केलं. तिकडेच राहायचं ठरवत होतो. एका खाणावळीत कोणीतरी म्हणालं, फोटो आरशात बघ. बघितला. दाढीच्या आरशासमोर ठेवला तो तिथेच राहिला. काका, रोज सकाळी तोंडाला साबण लावायचा आणि समोर आई डावा हात पुढे करून उभी. किती दिवस सहन करणार माणूस?”

पेंदा पट्ट्यांच्या घोंगडीसमोर जाऊन उभी राहिली. तिने उजवा हात पुढे केला. योरोने तो उजव्या हातात घेतला, आणि मग दोन्ही हातांत घेतला, आणि बांजुगू कापडाखाली गेला तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंदा फोटो न्यायला आली. योरो बाहेर कडुनिंबाखाली माझ्याबरोबर चहा पीत होता. आत ती आधी हात बघणार हे मला माहीत होतं. मग तिचा आवाज आला.

“ए काळतोंड्या! माझं नाक कुठे नेलंस?”

योरोने पेला खाली ठेवला. आम्ही दोघेही कान देऊन बसलो.

“जिथे आहे तिथेच आहे,” बांजुगू म्हणाला.

“हे माझं नाक? हातोड्याखाली आल्यासारखं? लोहाराकडे आलं की धड नाकाची पण विळी होते!”

“अख्खं कायेस रोज हेच नाक बघतं, गवळणी. तुलाच काय ते आज कळलं.”

“मग अख्खं कायेस आंधळं आहे. गुलामा, पुन्हा छाप. मागच्या वेळेसारखं छाप. तेव्हा कशी माणसासारखी आले होते.”

“छापतो की. पालथी घालायला कितीसा वेळ लागतो? पण मग हात डावे येतील.”

मग पेंदा बाहेर आली. फोटो तिने छातीशी धरला होता. कडुनिंबाखाली बसलेल्या योरोकडे तिने एकदा पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

“राहू दे,” ती दाराकडे तोंड करून म्हणाली. “नाक वाकडंच बरं.”